उसना पत्ता

बाजारातल्या जिन्याखाली, जिथे उंच माणसाला मान वाकवूनच उभं राहावं लागायचं, तिथे तिचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक शिलाई मशीन, एक स्टूल, खिळ्यांवर लटकलेल्या लोकांच्या बॅगा आणि एक पत्र्याचं शटर. बॅगांच्या नि जॅकेटांच्या चेन ती दुरुस्त करायची, म्हणून सगळा बाजार तिला चेनवाली म्हणायचा. गिऱ्हाईक घाईघाईत यायचं, अडकलेल्या चेनीला हिसडे देऊन देऊन ती आणखी बिघडवून आणायचं. चेनवाली म्हणायची, "अहो, हिच्याशी भांडून काय उपयोग? हिला आधी थोडं मागे न्यावं लागतं." मग पकडीने रनर हलकेच दाबायची, दात्यांवरून मेण फिरवायची आणि चेन सर्रकन सरकायची.

नवरा लोकांच्या घरी फरशी बसवायचा. दिवसभर गुडघ्यांवर रांगून घरी आला की भिंतीला टेकून उभाच राहायचा. "बसलो तर उठवायला क्रेन आणावी लागेल," म्हणायचा. त्यांना एकच मुलगी. ती एका जागी ठरेल तर शपथ. फ्रॉकचा घेर फुलेपर्यंत गोल गोल फिरायची, भोवळ आली की खाली बसून खिदळायची. बापाने तिचं नाव भिंगरी ठेवलं आणि तेच पडलं.

भिंगरी शाळेत जायच्या वयाची झाली आणि चेनवालीचा जीव टांगणीला लागला. त्यांच्या वस्तीतली शाळा भिंत खचली म्हणून बंद झाली होती. तिथल्या पोरांना लांबच्या एका शाळेत कोंबलं होतं, दोन पाळ्यांत, एका बाकावर चार-चार. चेनवाली स्वतः अशाच वर्गात शिकली होती. शेवटच्या बाकावर बसून बाकीच्यांबरोबर नुसते ओठ हलवायची. तिला वाचता येत नाही हे चौथीपर्यंत एकाही बाईंच्या लक्षात आलं नव्हतं. पुढे ती बॅगांवरची अक्षरं लावत लावत आपली आपण वाचायला शिकली, पण तो बाक ती विसरली नव्हती.

बाजाराच्या मागच्या रस्त्यावर एक शाळा होती. मोठ्या खिडक्या, छोटे वर्ग, आणि प्रत्येक मुलाला नावाने हाक मारणाऱ्या बाई. चेनवाली आणि तिचा नवरा धुतलेले कपडे घालून तिथे गेले. मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी नीट बसवून घेतलं, पाणी दिलं, आणि शेवटी तेच सांगितलं जे फाटकावरच्या रखवालदारानेही सांगितलं होतं. "या चार रस्त्यांत राहणाऱ्या मुलांनाच घेतो आम्ही. आमचा माणूस घरी जाऊन बघून येतो. माझ्या हातात असतं तर..."

बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "चल, दुसरं काहीतरी बघू." दुसरं काही नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात दुकानात एक बाई आल्या. साठी ओलांडलेल्या, ताठ, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतल्या. हातात तपकिरी चामड्याची बॅग, तिची चेन जाम झालेली. चेनवाली तेव्हा शेजारच्या किल्ल्या करणाऱ्याला शाळेचीच कथा ऐकवत होती. भिंगरी जिन्याच्या पायऱ्या मोजत वर-खाली करत होती. बाईंनी बॅग पुढे केली, पण नजर पोरीवर होती.

"तुमची?"

"हो. शाळेचं जमेना, म्हणून इथेच असते दिवसभर."

"मी त्या शाळेच्या मागच्याच गल्लीत राहते," बाई म्हणाल्या. "माझ्या पत्त्यावर दाखवा तिला. मी एकटीच असते. जन्मभर लहान मुलांच्या वॉर्डात नोकरी केली. सगळे सिस्टरच म्हणतात मला."

देव भेटल्यासारखं झालं चेनवालीला. तिने चेनीचे पैसे घेतले नाहीत. सिस्टरांनी भिंगरीची हनुवटी वर करून तिचे डोळे पाहिले, खालची पापणी ओढून आतला रंग पाहिला, आणि म्हणाल्या, "फिकट आहे जरा. होईल ठीक."

किल्लीवाला त्या गेलेल्या दिशेला बघत राहिला. "भली दिसते बाई," तो म्हणाला. पण म्हणताना त्याच्या आवाजात शंका होती.

रविवारी तिघं सिस्टरांच्या घरी गेले. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, फरशी इतकी स्वच्छ की नवऱ्याने दारातच चपला काढून पायाने सांधे चाचपले. "काम चांगलं झालंय," तो कौतुकाने म्हणाला. सिस्टरांनी आतली खोली दाखवली. तिथे एक छोटी खाट होती. चादर चारी बाजूंनी गादीखाली दाबून अशी ताणलेली, की तिच्यावर सुरकुती नावाला नव्हती. उशाशी स्टीलचा पेला, त्यात चमचा. कपाटात घडी घातलेले लहान मुलीचे कपडे.

"हे कोणाचे?" चेनवालीने विचारलं.

"आणून ठेवलेत."

भेट होऊन चारच दिवस झाले होते. कपडे मात्र नवे नव्हते. धुऊन धुऊन मऊ पडलेले होते. चेनवालीच्या मनात पाल चुकचुकली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, पण तो खिडकीतून शाळेचं पटांगण बघत होता. इतका खूश तो कितीतरी दिवसांत दिसला नव्हता.

सिस्टरांची अट एकच. शाळेचा माणूस न सांगता येतो, तेव्हा पोर घरात दिसायला हवी. सोमवार ते शुक्रवार भिंगरी इथे राहील, शनिवार-रविवार आईबापांकडे. "आणि मला तिची मावशी म्हणा. खोटं बोलायचं तर नीट बोलावं."

पहिल्या सोमवारी भिंगरी रडली. सिस्टरांनी तिला उचललं नाही की समजावलं नाही. शेजारी उभ्या राहिल्या, घड्याळ बघत. "जा तुम्ही," त्या म्हणाल्या. "आई समोर असली की मुलं जास्त रडतात. मी हजारो बघितलीत." चेनवालीचा पाय निघत नव्हता. दाराबाहेर येऊन ती थांबली. आतून रडण्याचा आवाज येत होता, आणि मग एकदम बंद झाला. हळूहळू थांबला असता तर तिला बरं वाटलं असतं.

शाळेचा माणूस आला तेव्हा चेनवालीला दुकानातून बोलावून घेतलं. ती धावत पोचली, तोंडपाठ केलेलं मनात घोळवत. पण बोलायची वेळच आली नाही. सिस्टरांनीच सगळं सांगितलं होतं. तो माणूस उठताना चेनवालीकडे बघून, अवघडल्यासारखा, म्हणाला, "काळजी करू नका. मुलगी चांगल्या हातात आहे." तिला वाटलं, हा असं का बोलतो? आजारी माणसाशी बोलल्यासारखं?

भिंगरीला जागा मिळाली. नवऱ्याने दोघींना उचलून घेतलं आणि गुडघ्यांनी लगेच त्याला खाली बसवलं. तिघंही हसून हसून बेजार झाले. ती संध्याकाळ चेनवालीला पुढे कितीदा तरी आठवायची.

आता पोरीला घरी आणायचं, असं तिने गृहीत धरलं होतं. सिस्टर म्हणाल्या, "इतक्यात नको. तो माणूस पुन्हा येतो. मागे एकाची जागा अर्ध्या वर्षात गेली." नवऱ्यालाही पटलं. "शाळा दारात आहे, खाणंपिणं वेळेवर आहे. आपण दोघं दिवसभर कामावर. अगं, थोडे दिवस तर आहेत."

थोडे दिवस लांबत गेले. एका शनिवारी भिंगरी घरी आली तेव्हा तिचे केस कानाच्या वर कापलेले होते. "उवा झाल्या होत्या," सिस्टर म्हणाल्या. चेनवालीने स्वतः दर शनिवार-रविवारी ते केस विंचरले होते, तिला उवेची लीखही दिसली नव्हती. पुढच्या शनिवारी पोरीची नखं इतकी खोल कापलेली होती, की बोटांची टोकं लाल झाली होती. जेवायला बसली की हात मांडीवर ठेवून, तोंड उघडून वाट बघायची. घास कोणीतरी भरवेल म्हणून. फिरायची नाही, खिदळायची नाही. दुपारी चादर ताणून तिच्याखाली सरळ पडून राहायची, डोळे उघडे ठेवून.

"भिंगरी, खेळायला जा की," बाप म्हणाला.

"मला बाळ म्हणायचं," ती हळूच म्हणाली. "भिंगरी हे काही नाव नाही."

त्या वेळी मात्र बापाचा चेहरा उतरला. तरी म्हणाला, "वळण लावतायत जरा. शाळेतल्या बाई म्हणाल्या, वर्गात इतकं शांत मूल दुसरं नाही."

रविवारी संध्याकाळी पोर आपण होऊन दाराशी जाऊन उभी राहिली. "आई, मला केव्हा परत सोडणार? माझी औषधाची वेळ होईल."

"कसलं औषध?"

सांगायचं नाही असं ठरल्यावर मुलं जशी ओठ मिटतात, तसे भिंगरीने ओठ मिटले. शेवटी बापाने तिला नेऊन सोडलं.

चेनवाली सोमवारी दुकान उघडायच्या आधीच सिस्टरांच्या गल्लीत गेली. तिला सिस्टरांना जाब विचारायचा होता, पण दारापर्यंत जायचा धीर होईना. कोपऱ्यावर एक इस्त्रीवाला होता. त्याच्याशी तिने उगाच बोलणं काढलं. सिस्टरांचे कपडे तोच करायचा.

"त्यांची ती पोर ना?" तो इस्त्री फिरवत म्हणाला. "ही बरी टिकली. आधीची फार आजारी असायची."

"आधीची?"

"बहिणीची मुलगी म्हणाल्या होत्या. तिलाही शाळेसाठीच ठेवली होती. एक दिवस दिसेनाशी झाली. आईबाप घेऊन गेले म्हणे." त्याने कपड्यावर पाणी शिंपडलं. "ही पण बहिणीचीच ना?"

चेनवाली तशीच शाळेकडे धावली. वर्ग नुकते भरले होते. रखवालदाराला म्हणाली, "माझ्या मुलीला न्यायचंय. आत्ता." त्याने तिला ओळखलं. ओळखलं म्हणूनच फाटकात आडवा उभा राहिला.

"बाई, तुम्ही घरी जा. मुलीला फक्त सिस्टर नेतात."

"मी आई आहे तिची!"

"हो, आई आहात," तो समजुतीने म्हणाला. "सिस्टरांनी सांगितलंय सगळं. तुम्हाला बरं नसतं. मध्येच डोक्यात येतं आणि मुलीला घेऊन निघून जाता. गेल्या वेळी ती रस्त्यावर सापडली होती. आम्हाला कळतं हो, आजार कोणालाही होतो."

ती ओरडली. ओरडल्यावर तिला कळलं, की आपण ओरडायला नको होतं. रस्त्यावरचे लोक थांबले होते, आणि सिस्टरांनी सांगितलेली बाई आता त्यांना डोळ्यांसमोर दिसत होती.

तिथून ती सिस्टरांच्या दारात गेली. सिस्टरांनी दार साखळीपुरतंच उघडलं. फटीतून अर्धा चेहरा दिसत होता, नेहमीसारखा शांत.

"माझी मुलगी मला द्या."

"शाळेत आहे ना ती." मग सिस्टरांचा आवाज जरा खाली आला, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्या तिला एकेरीत बोलल्या. "काय करणार आहेस तू? जाऊन सांगणार? की आम्ही खोटं बोललो, इथे राहत नाही? मग जागा जाईल. मुलगी पुन्हा जिन्याखाली बसेल, लोकांच्या बॅगांच्या धुळीत. तिला खोकला होता, माहीत होतं तुला? माहीत नव्हतं. तुम्हा कोणालाच माहीत नसतं. आणता माझ्याकडे मरायला टेकलेली, आणि बरी झाली की ओढून नेता."

"तिला काही झालेलं नव्हतं हो," चेनवाली म्हणाली. रडू आवरत नव्हतं. "ती धडधाकट होती."

"सगळ्याच आया असं म्हणतात," सिस्टर म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. आत पेल्यात चमचा ढवळल्याचा आवाज आला.

नवरा एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत वरच्या मजल्यावर काम करत होता. ती धापा टाकत जिने चढून गेली. ओली फरशी तुडवत त्याच्यापर्यंत पोचली आणि एका दमात सगळं सांगितलं. तो गुडघ्यांवरच होता. एरवी म्हणाला असता, अगं, शांत हो. आज त्याने हातातली हातोडी खाली ठेवली, तिच्या खांद्याचा आधार घेऊन उठला आणि म्हणाला, "मला त्या आधीच्या कपड्यांवरून कळायला हवं होतं. मी बघितले होते ते. मला शाळा हवी होती, म्हणून मी खिडकीतून बाहेर बघत बसलो."

दोघं शाळेत पोचले तेव्हा सुटायची वेळ होत आली होती. बाप सोबत बघून रखवालदार घुटमळला, आणि मोठ्या बाईंनी आत बोलावलं. सिस्टर आधीच तिथे बसल्या होत्या, पाठ ताठ, बॅग मांडीवर.

चेनवालीने काहीही झाकलं नाही. पत्ता खोटा, मावशी खोटी, शाळेच्या माणसासमोर केलेलं नाटक खोटं. बोलताना तिला वाटत होतं, एकेका शब्दाबरोबर आपण पोरीला त्या मोठ्या खिडक्यांतून बाहेर ढकलतोय. पण ती थांबली नाही. "तुम्ही जागा काढून घ्या, बाई. फक्त मुलगी आमच्या हातात द्या."

मोठ्या बाई सिस्टरांकडे वळल्या. त्यांनी सिस्टरांना विचारलं, "खरं आहे हे?"

"आजारी माणूस काय वाटेल ते बोलतो," सिस्टर म्हणाल्या.

भिंगरीला वर्गातून आणलं. आई-बाप एका बाजूला, सिस्टर एका बाजूला. पोर मधोमध उभी राहिली. आईकडे बघेना, बापाकडे बघेना. सिस्टरांकडे बघून तिने हात पुढे केले, पालथे, नखं दाखवायला करतात तसे. कोणीही सांगितलेलं नसताना.

मोठ्या बाई खुर्चीतून उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या, पोरीचे ते दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि लाल झालेली टोकं पाहिली. मग तिला उचलून बापाच्या हातात दिलं. "जागा मला काढावी लागेल," त्या म्हणाल्या. "आजच घेऊन जा हिला. आम्ही सगळ्यांनी हिचं कौतुक केलं हो, शांत आहे म्हणून."

सिस्टर भांडल्या नाहीत. उठल्या, कपडे सारखे केले. दारात वळून म्हणाल्या, "रात्रीचं औषध चुकवू नका. एकदम बंद केलं की त्रास होतो."

आणि झाला त्रास. भिंगरी कित्येक दिवस घामाने भिजायची, दचकायची, भिंतीकडे तोंड करून कण्हायची. डॉक्टरांनी तपासून विचारलं, काय देत होत्या? कोणाला सांगता येईना. बाप पोलीस चौकीत गेला. तिथला हवालदार म्हणाला, "मुलगी तुम्हीच नेऊन ठेवली, खोटंही तुम्हीच बोललात. तक्रार कशाची लिहू?" तरी बाप हटून बसला, तेव्हा एक शिपाई सोबत दिला. खोल्यांना कुलूप होतं. खिडकीतून आत पाहिलं तर खाटेवर गादी गुंडाळलेली, कपाट उघडं आणि रिकामं. सिस्टर कुठे गेल्या, ते इस्त्रीवाल्यालाही सांगता आलं नाही. त्या आधीच्या मुलीच्या आईबापांचा पत्ता तर कोणाकडेच नव्हता. चेनवालीने विचारून विचारून बाजार पालथा घातला.

भिंगरी लांबच्या शाळेत जायला लागली, दुपारच्या पाळीत, एका बाकावरची चौथी म्हणून टोकाला बसून. चेनवाली सकाळी तिला दुकानात घेऊन बसायची आणि बॅगांवरची अक्षरं वाचून घ्यायची. पोर हळूहळू बोलायला लागली. एकदा किल्लीवाल्याच्या हातोडीचा ताल धरून मान हलवतानाही दिसली. आईने बघून न बघितल्यासारखं केलं.

एके दिवशी मशीन चालवता चालवता चेनवालीने सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय गं, ते औषध कडू होतं का?"

"नाही. गोड होतं." भिंगरी एका पिशवीवरचं अक्षर बोटाने गिरवत होती. "सिस्टर म्हणायच्या, मनातल्या मनात आईचा चेहरा आण. मग औषध द्यायच्या. मग पुन्हा म्हणायच्या, आता आण. मला आणता यायचा नाही. मग त्या म्हणायच्या, शहाणं बाळ."

मशीनचं चाक थांबलं. सुईखाली कोणाची तरी बॅग अर्धी शिवून तशीच राहिली. गिऱ्हाईक समोर उभं होतं. "किती वेळ लागेल?" विचारत होतं. चेनवालीने त्याला उद्या या म्हणून सांगितलं, शटर ओढलं, आणि पोरीचा हात धरून भर उन्हात घरी निघाली. वाटेत दर थोड्या वेळाने ती थांबायची, भिंगरीसमोर उकिडवी बसायची आणि आपला चेहरा तिच्या चेहऱ्याजवळ नेऊन धरायची.